पडद्यावरचा क्षण

चवथीच्या दिवसांत संध्याकाळी डिचोलीच्या बाजारपेठेतून जाणाऱ्याला दुकानांवरील दिव्यांच्या माळा धावताना दिसतात. एका टोकाशी पेटलेला तांबडा ठिपका कमानीवर चढतो, पलीकडे उतरतो, नाहीसा होतो आणि पुन्हा पहिल्या टोकाशी प्रकट होतो. आईच्या कडेवरचे मूल त्या ठिपक्यामागे बोट फिरवीत राहते. वस्तुतः माळेतील एकही दिवा जागचा हललेला नसतो. एक विझतो व शेजारचा पेटतो, एवढेच काय ते घडते. ठिपका धावतो तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आणि मेंदूत धावतो; माळेत नव्हे.

माळेचा वेग कमीजास्त करणारे बटण फिरविले की ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. वेग अगदी कमी केला तर दिवे एकामागून एक पेटताना दिसतात, कोणीही धावत नाही. फारच वाढविला तर सारे दिवे एकदमच पेटल्यासारखे वाटतात. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असा एक वेग सापडतो की जेथे दिवे नाहीसे होतात आणि गती तेवढी उरते. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने हीच गोष्ट जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे दोन रेषा एकापाठोपाठ दाखवून मोजली आणि १९१२ साली प्रसिद्ध केली. दोन रेषांमधील अंतर सेकंदाच्या सुमारे ३० हजारांश भागाइतके असले तर त्या एकदम दिसतात. सुमारे ६० असले तर एकच रेषा सरकताना दिसते. २०० झाले की पुन्हा दोन वेगळ्या रेषा. सेकंदाच्या या हजाराव्या भागाला मिलिसेकंद म्हणतात, आणि पुढील सारे विवेचन याच मापात करावयाचे आहे. योगायोग असा की त्याच १९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके यांनी लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला आणि वाटाण्याचा दाणा रुजून त्याचा वेल होईपर्यंतचे एकेक चित्र टिपून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. स्थिर चित्रांतून चलन निर्माण करण्याची जी विद्या फाळक्यांनी हाती घेतली, तिच्यासारखाच गतीचा भास वेर्टहायमरने मोजला होता.

वेर्टहायमरने आपल्या रेषा फिरत्या चाकाच्या फटींतून दाखविल्या. आज असे प्रयोग करणाऱ्याच्या टेबलावर संगणक असतो आणि रेषा, अक्षरे वा चेहरे मॉनिटरच्या पडद्यावर उमटतात. सोय मोठी झाली खरी, परंतु एक प्रश्न नव्याने उभा राहिला. चाकाची फट केव्हा उघडते आणि केव्हा मिटते हे डोळ्यांना दिसत होते, हातांनी मोजता येत होते. मॉनिटरच्या आत काय चालते ते दिसत नाही. दुकानात मॉनिटर घेऊ गेलेल्या गिऱ्हाइकाला त्याचा आकार, रंगांचा झगझगाट आणि किंमत सांगितली जाते. प्रयोग करणाऱ्याला मात्र निराळेच काही विचारावयाचे असते. संगणकाने ‘दाखव’ म्हटल्यावर चित्र नेमके केव्हा दिसू लागते? जितका वेळ दाखवावयाचे होते तितकाच वेळ ते दिसते काय? आणि आज जे घडले तेच उद्या, परवा, शंभराव्या वेळीही घडेल काय?

या तीन प्रश्नांना महत्त्व का द्यावयाचे हे समजण्यासाठी एक जुनी हकीकत पाहावी लागते. इंग्लंडमधील ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांच्या हाताखाली डेव्हिड किनेब्रुक नावाचा साहाय्यक होता. दुर्बिणीतील तारेवरून नक्षत्र सरकले की घड्याळाचे ठोके कानांनी ऐकत तो क्षण टिपावयाचा, हे त्याचे काम. १७९५ सालच्या ऑगस्टपासून त्याच्या आणि मॅस्केलिनच्या वेळांत अर्ध्या सेकंदाचा फरक पडू लागला. सूचना देऊनही तो कमी झाला नाही, उलट ०.८ सेकंदांपर्यंत वाढला. १७९६ साली किनेब्रुकची नोकरी गेली. पुढे बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने निरनिराळ्या निरीक्षकांच्या वेळा ताडून पाहिल्या, तेव्हा १८२३ साली त्याला स्वतःत आणि आर्गेलांडर या कुशल निरीक्षकात एका सेकंदाहून अधिक फरक आढळला. दोघांतील कोणीही कामचुकार नव्हता. माणसामाणसांत असा फरक असतोच, आणि तो मोजता येतो, या जाणिवेतूनच मनाच्या व्यापाराचे मापन सुरू झाले. किनेब्रुकला त्याचा काही उपयोग झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

किनेब्रुकच्या बाबतीत दोष माणसावर ठेवला गेला, कारण घड्याळावर कोणाला शंका नव्हती. आज मोजणाऱ्या साधनावरच शंका घ्यावी लागते. ती न घेतली तर काय होईल याचे उदाहरण डिचोलीतच कल्पिता येईल.

गोव्यातील मुलांच्या डोळ्यांपुढे लहानपणापासून दोन लिप्या असतात. घरी मराठी वर्तमानपत्र देवनागरीत येते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने मान्यता पावलेली कोंकणीही देवनागरीत आहे. तीच कोंकणी ख्रिस्ती घरांत आणि तियात्राच्या जाहिरातींत रोमी लिपीत वाचली जाते. शाळेत इंग्रजी आहेच. मग मूल कोणत्या लिपीत शब्द अधिक लवकर ओळखते? ऱ्हस्व वेलांटीचा घोळ तर खास देवनागरीचा आहे. ‘दिवस’ म्हणताना ‘द’चा उच्चार आधी होतो आणि ‘इ’चा नंतर; लिहिताना मात्र वेलांटी अक्षराच्या आधी उभी राहते. डोळ्यांना एक क्रम, जिभेला दुसरा. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवर केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. अशा शब्दांच्या वाचनाला अधिक वेळ लागतो असे त्यांत दिसून आले. हाच प्रश्न डिचोली, साखळी वा पेडण्याच्या मुलांपुढे मराठीत व कोंकणीत ठेवावा असे एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला वाटले तर त्यात नवल नाही. प्रश्न आपल्या घरचा आहे. त्याचे उत्तर परदेशी मुलांवरून मिळावयाचे नाही.

आता समजा, असा प्रयोग दोन शाळांत केला. एका शाळेत साधा मॉनिटर होता. दुसरीत मोठा पडदा बरा म्हणून दूरदर्शन संचच संगणकाला जोडला. दूरदर्शन संच आलेले चित्र लगेच दाखवीत नाही. ते आधी सुबक करतो, गुळगुळीत करतो, रंग सुधारतो आणि मग पडद्यावर सोडतो. या सुशोभनात कित्येकदा पन्नास मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो. संगणकाच्या हिशेबी मात्र चित्र केव्हाच दाखवून झालेले असते आणि त्याची मोजणी सुरू झालेली असते. परिणामी दुसऱ्या शाळेतील प्रत्येक मुलाच्या खात्यावर न घेतलेला वेळ जमा होतो. वाचनाच्या अभ्यासात ज्या फरकांवरून निष्कर्ष काढतात ते पुष्कळदा वीस ते चाळीस मिलिसेकंदांचेच असतात. म्हणजे एका गावची मुले मंद, एका माध्यमाची मुले मागासलेली, अमुक लिपी अवघड, असा निर्णय त्या काचेने देऊन टाकला आणि तो छापलाही गेला, तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही. किनेब्रुकवरच्या अन्यायाला निदान एक नाव होते.

तेव्हा मॉनिटर कसा पारखावा, हे जरा तपशिलाने पाहू.

चित्रपटाची फीत सेकंदाला चोवीस चित्रे दाखविते हे सर्वांस ठाऊक आहे. मॉनिटरही तसाच आहे. तोही चित्र एकदा काढून स्वस्थ बसत नाही, ते सेकंदाला ठराविक वेळा नव्याने काढतो. या आकड्याला रिफ्रेश रेट म्हणतात व तो हर्ट्झमध्ये सांगतात. साध्या मॉनिटरचा दर ६० हर्ट्झ असतो. म्हणजे एका चित्राचा काळ १६.७ मिलिसेकंद. यावरून लगेच एक गोष्ट निघते. अशा मॉनिटरवर शब्द दाखवावयाचा तो १६.७, ३३.३ किंवा ५० मिलिसेकंद. अधले काही नाही. नाण्यांत सर्वांत लहान नाणे पाच रुपयांचे असेल तर सात रुपये मोजून देता येत नाहीत, तसेच हे. कोणी आपल्या प्रयोगाच्या वर्णनात ‘साठ हर्ट्झच्या पडद्यावर शब्द ४० मिलिसेकंद दाखविला’ असे लिहिले तर त्याने हिशेब केलेला नाही असे खुशाल समजावे.

ज्या प्रयोगात शब्द क्षणभर दाखवून लगेच त्यावर फुल्यांची रांग टाकतात, तेथे हे फार नडते. असा झाकलेला शब्द वाचणाऱ्याला ‘दिसला’ असे वाटत नाही, तरी पुढचा शब्द ओळखण्यास त्याची मदत होते. हा चमत्कार चाळीस-पन्नास मिलिसेकंदांच्या अरुंद पट्टीत घडतो. काळ थोडा वाढला की काही मुलांना शब्द उघड दिसू लागतो आणि प्रयोगाचा अर्थच पालटतो.

मग दर जितका मोठा तितका मॉनिटर चांगला, असे म्हणावे काय? खेळांसाठी म्हणून १४४ आणि २४० हर्ट्झचे मॉनिटर बाजारात मिळतात, आणि दुकानदार तेच पुढे करतो. परंतु ४० मिलिसेकंदच हवे असतील तर १४४ हर्ट्झवर ते बसत नाहीत, २४० वरही नेमके बसत नाहीत. १०० हर्ट्झवर चार चित्रांत आणि, गंमत म्हणजे, ७५ हर्ट्झच्या सामान्य मॉनिटरवर तीन चित्रांत ते काटेकोर बसतात. आधी प्रयोगातील काळ ठरवावा आणि त्याला पूर्ण भाग जाईल असा दर निवडावा. मोठा दर असला की निवडीला वाव अधिक राहतो, एवढेच त्याचे श्रेय. चित्र पडद्यावर वरून खाली ओळीओळीने उमटते. दर मोठा असला की वरच्या व खालच्या ओळींत पडणारे अंतर कमी होते, हाही एक लाभ आहे. ६० हर्ट्झवर पडद्याच्या माथ्याशी असलेला शब्द तळाच्या शब्दाच्या पंधरा-सोळा मिलिसेकंद आधी दिसू शकतो. दोन्ही शब्द एकाच ओळीत, मध्यावर ठेवले की हा प्रश्न मिटतो. त्यासाठी नवा मॉनिटर घेण्याचे कारण नाही.

आता पडद्यांच्या जातीकडे वळू. जुना, पाठीमागे पोट असलेला, काचेच्या नळीचा मॉनिटर म्हणजे सीआरटी. २००२ साली गोवा सरकारने सायबरएज योजनेखाली अकरावीच्या विद्यार्थ्यांना अल्प किमतीत संगणक दिले, त्या काळी घरोघर येत ते संगणक अशाच मॉनिटरचे असत. पुढे चपटे पडदे आले आणि ही धुडे कोणी माळ्यावर टाकली, कोणी भंगारात दिली. नेमक्या त्याच काळात जगातील दृष्टिसंशोधन करणाऱ्या प्रयोगशाळा मात्र असे जुने मॉनिटर जपून ठेवीत होत्या, मिळतील तेथून विकत घेत होत्या. कारण सीआरटीच्या काचेमागील लेपावर इलेक्ट्रॉनांचा झोत पडला की तो बिंदू तत्काळ उजळतो आणि काही मिलिसेकंदांत विझतो. आज्ञा आणि प्रकाश यांत विलंब जवळजवळ नाही; आणि जो आहे तो दर वेळी सारखा.

परंतु सीआरटीचीही एक खोड आहे. त्यावरील चित्र सलग तेवत नाही, ते चमकून विझते. १०० हर्ट्झवर चार चित्रे दाखविली म्हणजे दहा-दहा मिलिसेकंदांच्या अंतराने चार चमका. पहिलीपासून चौथीपर्यंतचे अंतर तीसच मिलिसेकंद. त्यात शेवटच्या चमकेचा विझण्याचा काळ मिळवावयाचा. ब्रूस ब्रिजमन यांनी १९९८ साली ही गोष्ट स्पष्टपणे मांडली, तोपर्यंत कित्येक निबंधांत हा काळ ४० असा छापून गेला होता. चपटा एलसीडी मॉनिटर मात्र एक चित्र पुढचे येईपर्यंत धरून ठेवतो. तेथे चार चित्रे म्हणजे खरोखरच सुमारे चाळीस मिलिसेकंद. एकच आज्ञा, दोन पडदे आणि दोन वेगळे काळ. म्हणून जुन्या निबंधातील आकडे नव्या मॉनिटरवर जसेच्या तसे उतरवून घेणे धोक्याचे आहे.

माळ्यावरचा सीआरटी खाली काढावा काय? काढण्यास हरकत नाही, पण उत्साह बेताचा असावा. त्याला लागणारी व्हीजीए जोडणी नव्या संगणकांवर बहुधा नसते. वीस वर्षे पडून राहिलेली नळी मंद झालेली असते, तापून स्थिर व्हावयास अर्धा तास घेते, आणि बिघडली तर दुरुस्त करणारा मिळत नाही. त्याची पाठ उघडून पाहण्याचा मोह तर कोणीच धरू नये. बंद केल्यावरही आत घातक दाबाची वीज साठून राहू शकते.

एलसीडीची गोष्ट अशी की त्यातील स्फटिकांना वळावयास वेळ लागतो. काळ्यावरून पांढऱ्यावर जाणे, पांढऱ्यावरून करड्यावर येणे, एका करड्यावरून दुसऱ्या करड्यावर जाणे, प्रत्येकाचा वेळ निराळा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘१ मिलिसेकंद’ हा आकडा पाहून भुलू नये. तो उत्पादकाने निवडलेल्या सोयीच्या बदलासाठी मोजलेला असतो. शिवाय तो स्फटिकाच्या वळण्याचा वेळ आहे. मॉनिटरने चित्र स्वीकारून ते दाखविण्यास सुरुवात करण्याचा जो विलंब, तो वेगळाच, आणि तो खोक्यावर बहुधा छापलेला नसतो. टोबियास एल्झे आणि टान्नर यांनी २०१२ साली अनेक एलसीडी मॉनिटरांची तपासणी प्रसिद्ध केली. एकावरून दुसऱ्याविषयी अनुमान करता येत नाही, प्रत्येक मॉनिटर स्वतंत्रपणे मोजलाच पाहिजे, असा तिचा मथितार्थ सांगता येईल. दुसऱ्या बाजूने वांग आणि निकोलिच यांनी २०११ सालीच एका एलसीडी मॉनिटरचे काळमापन संशोधनास पुरेसे काटेकोर असल्याचे दाखवून दिले होते. तेव्हा सीआरटी गेला आणि सारे बुडाले, असा शोक करण्याचे कारण नाही.

याहून नवा प्रकार ओएलईडीचा. त्याचे बिंदू स्वतःच प्रकाशतात आणि त्यांचा बदल एका मिलिसेकंदाच्याही आत होतो. हा गुण खरा. पण पडद्याचा मोठा भाग पांढरा झाला की असे पुष्कळ पडदे आपला उजेड आपणच कमी करतात, आणि एकच आकृती तासन्‌तास ठेवली तर तिचा डाग उरतो. शिवाय किंमत. ज्या महाविद्यालयाला एकच मॉनिटर घेता येणार आहे त्याने आधी साध्याचीच परीक्षा करावी, असे म्हणणे व्यवहाराला धरून आहे.

एलसीडीतही दोन जाती लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. टीएन जातीचा पडदा चपळ, पण किंचित वरून वा खालून पाहिले की त्याचा उजेड बदलतो. पाचवीतला बुटका मुलगा आणि दहावीतला उंच मुलगा एकाच खुर्चीवर बसविले तर दोघांना दोन वेगळे पडदे दिसतात. मंद उजेडाला माणूस उशिरा प्रतिसाद देतो, हे फार जुने निरीक्षण आहे. शाळेतील प्रयोगाला म्हणून आयपीएस जातीचा पडदा बरा. तो थोडा सावकाश असला तरी सगळ्या मुलांशी सारखा वागतो.

येथे एक महत्त्वाचा भेद केला पाहिजे; तो न केल्यामुळेच लोक नाहक खर्चात पडतात. विलंब दोन प्रकारचा असतो, ठाम आणि लहरी. मॉनिटर दर वेळी वीस मिलिसेकंद उशिरा दाखवीत असेल तर ते वीस नंतर वजा करता येतात. किंबहुना एकाच मॉनिटरवर देवनागरी व रोमी या दोन्ही लिप्यांतील शब्द दाखवून त्यांतील फरकच पाहावयाचा असेल, तर वजा करण्याचीही गरज पडत नाही. दोन्हीकडचे वीस एकमेकांस खाऊन टाकतात. हाच मॉनिटर कधी पाच तर कधी तीस मिलिसेकंद उशीर करीत असेल तर मात्र त्याचा भरवसा नाही. आणि दोन शाळांत दोन मॉनिटर असतील तर दोघांचे ठाम विलंब वेगवेगळे मोजून ठेवले पाहिजेत. एकच मॉनिटर दोन्ही शाळांत वाहून नेणे हा त्याहून स्वस्त आणि खात्रीचा मार्ग होय. डिचोलीहून साखळीला मॉनिटर नेण्यास काही फार भाडे पडत नाही.

लहरीपणाही थोडा असेल तर चालतो काय? उल्रिख आणि गिरे यांनी १९८९ सालच्या आपल्या निबंधाच्या नावातच ढोबळ घड्याळे वापरणाऱ्यांना शुभवार्ता सांगितली होती. तिचा हिशेब सोपा आहे. एखादे मूल तोच शब्द वीसदा वाचील तर त्याचे वेळ शंभरेक मिलिसेकंदांनी इकडेतिकडे पसरलेले असतात. साठ हर्ट्झच्या पडद्यामुळे शून्य ते १६.७ मिलिसेकंदांची अनिश्चितता त्यात मिसळली, तर तिचा स्वतःचा पसारा, संख्याशास्त्राच्या मापाने, पाचांहूनही किंचित कमी. दोन्ही एकत्र केले असता शंभराचे जेमतेम एकशे एक दशांश होतात. म्हणून शब्द दाखवून मूल तो मोठ्याने वाचीपर्यंत पडद्यावर ठेवावयाचा, एवढाच प्रयोग असेल तर शाळेतील साधा मॉनिटर पुरतो. खर्च करावयाचाच तर अधिक मुले तपासण्यावर करावा. शब्द क्षणमात्र दाखवून झाकावयाचा असेल, दोन ठिपक्यांतील गती दाखवावयाची असेल, किंवा डोक्याला तारा लावून मेंदूतील विजेचे तरंग नोंदवावयाचे असतील, तर मात्र मॉनिटरची काटेकोर निवड अटळ आहे.

निवडीनंतरचे काम म्हणजे मोजणी. त्याला फोटोडायोड नावाचा प्रकाश ओळखणारा एक चिमुकला भाग लागतो. तो वीजवस्तूंच्या दुकानात अत्यल्प किमतीला मिळतो. तो पडद्याच्या कोपऱ्यावर काळ्या चिकटपट्टीने बसवावयाचा आणि ऑसिलोस्कोपला जोडावयाचा. ऑसिलोस्कोप पदार्थविज्ञानाच्या विभागात बहुधा असतोच. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो मागितला असता तिकडचे शिक्षक आनंदाने देतील असे वाटते. मग संगणकाने कोपऱ्यातील चौकोन काळा-पांढरा करीत राहावयाचे आणि प्रकाश प्रत्यक्षात केव्हा वर चढतो, केव्हा उतरतो ते पाहावयाचे. दहा-वीस वेळा नव्हे, निदान हजार वेळा. कारण चूक कधीमधीच होत असते. हे काहीच नसेल तर हल्लीच्या पुष्कळ दूरध्वनींत सेकंदाला २४० चित्रे घेणारा कॅमेरा असतो. त्याने चार मिलिसेकंदांपर्यंतचा अंदाज येतो. दूरदर्शन संचाची लबाडी पकडण्यास तेवढा पुरे.

सायकोपाय आणि सायकटूलबॉक्स हे प्रयोगासाठी वापरले जाणारे दोन संगणक कार्यक्रम आहेत, आणि प्रत्येक चित्र केव्हा सोडले, कोणते चुकले, याची नोंद ते ठेवतात. ही नोंद उपयुक्त असली तरी ती संगणकाच्या बाजूची आहे. टपाल पेटीत केव्हा टाकले हे तीवरून कळते, पत्र हातात केव्हा पडले ते कळत नाही. ते फोटोडायोडच सांगतो. देवनागरी शब्दांपुरती आणखी एक सावधगिरी घ्यावी. जोडाक्षरे ऐनवेळी जुळविण्याचे काम कार्यक्रमावर न सोडता सर्व शब्दांची चित्रे अगोदरच करून ठेवावीत. कित्येकदा ‘क्ष’ फुटून दोन अक्षरे होतात आणि मूल अडखळले ते लिपीमुळे, असा गैरसमज होतो.

मॉनिटरच्या यादीतील काही सोयी बंद कराव्या लागतात: उजेड आपोआप कमीजास्त करणारी, रंग खुलविणारी, हालचाल गुळगुळीत करणारी, वीज वाचविणारी. चित्राचा आकार पडद्याच्या मूळ आकाराइतकाच ठेवावा. संगणकाला एकाच वेळी दोन पडदे जोडू नयेत. त्यांतील एकाचा ताल सुटतो. उत्तर देण्यासाठी वापरलेला कळफलकही सुमारे आठ मिलिसेकंदांनी एकदा विचारला जातो, तेव्हा साऱ्या मुलांना तोच कळफलक द्यावा. खोलीतील जुनी नळीबत्ती आपल्याकडील विजेच्या पन्नास आवर्तनांमुळे सेकंदाला शंभरदा लुकलुकते. फोटोडायोडच्या आलेखात ती लगेच डोकावते. खिडकीला गडद पडदा लावून बत्ती मालविलेलीच बरी.

हे सर्व जमले की मोजलेले आकडे, तारीख आणि मॉनिटरवरील मांडणी एका कागदावर लिहून तो कागद मॉनिटरच्या पाठीला चिकटवावा. पावसाळ्यात डिचोलीला वीज जाते आणि येते. संगणक पुन्हा सुरू होताना ७५ चा दर गुपचूप ६० वर येऊन बसतो, आणि पडद्याकडे नुसते पाहून तो बदल कोणालाही ओळखू येत नाही. वीज आल्यावर पाठीवरचा कागद आणि पडद्यावरील आकडा ताडून पाहावा, चौकोन शंभरदा काळा-पांढरा करून घ्यावा, आणि मगच बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला आत बोलवावे.